मुराळी पुढे चालतो

माझ्या भावाला चालायला कुणी शिकवलं ते मला ठाऊक नाही, पण ज्यानं शिकवलं त्याच्याकडून थांबायचं शिकवायचं राहून गेलं. फौजेत जाण्याच्या आधीपासून तो असाच. तो माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, पण शाळेला जाताना कायम पुढे. ओढ्याच्या पुलावर जाऊन उभा राहायचा आणि तिथून ओरडायचा, "आक्के, फावडं उचल की जरा!"

फावडं म्हणजे माझं पाऊल. माझे पाय लहानपणापासून मोठे, आणि आमच्या घरात त्यावर बोलायचा हक्क सगळ्यांनाच होता, पण तो हक्क बजावायचा भाऊच. माझी चप्पल पावसात वाहून गेली तर म्हणायचा, आता धरणात होडी म्हणून वापरतील. मीही काही गप्प बसणाऱ्यातली नव्हते. त्याच्या कानांवरून मी त्याला जे काही बोलले आहे ते इथे लिहिण्यासारखं नाही.

लग्न होऊन मी साताऱ्याला आले. नागपंचमीला मुराळी म्हणून मला न्यायला तोच यायचा. फौजेत असताना रजा मिळाली तर, आणि पेन्शनीवर आल्यापासून न चुकता. मुराळ्याचं काम खरं तर मानाचं. बहिणीच्या सासरी यायचं, चहा घ्यायचा, सासूबाईंची परवानगी काढायची, आणि बहिणीची पिशवी आपल्या हातात धरून तिला माहेरी घेऊन जायचं. आमचा मुराळी पिशवी धरायचा ती शिराळ्याच्या स्टँडपर्यंत. बसमधून उतरलं की "घे, माझा हात भरला" म्हणत ती माझ्या हातात द्यायचा आणि दोन्ही हात मोकळे सोडून लेफ्ट-राइट करत चालू पडायचा. स्टँडपासून आमची वस्ती धड लांब नाही, धड जवळ नाही. तो पुढे, मी पिशवी घेऊन मागे, आणि रस्ताभर एकमेकांचा उद्धार. उसातल्या माणसांना न बघताच कळायचं की आज पंचमीची पाहुणी आली. घरी पोचेपर्यंत माझं निम्मं माहेरपण झालेलं असायचं.

आणि मी काही गोगलगाय नव्हते. साताऱ्याच्या डेपोत मी लाल गाडीवर कंडक्टर होते. भरलेल्या गाडीत, घाटाच्या वळणावर, कुठेही न धरता या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं, तिकिटं द्यायची आणि "पुढं सरका, पुढं जागा आहे" असं ओरडायचं, ही माझी नोकरी. चालत्या गाडीत चालणारी बाई मी. तरी मला भावाला कधी गाठता आलं नाही.

मग ती पंचमी आली. वर्षभर बसमध्ये उभं राहायचं आणि सणालाही बसनंच जायचं, मला नको झालं होतं. यंदा मोटरसायकल घेऊन ये, असं मीच त्याला फोनवर सांगितलं. तो आला. कराडच्या अलीकडे कुणाच्या तरी ट्रॉलीतून रस्त्यावर वाळू सांडलेली होती. गाडी घसरली. तो एका बाजूला पडला, मी दुसऱ्या बाजूला, आणि माझ्या बाजूनं मागून टेम्पो येत होता. त्याच्या कोपराला खरचटलं. माझा डावा पाय गुडघ्याच्या खालून काढावा लागला. त्या दिवसाबद्दल एवढंच सांगते. रडायचं ते मी तेव्हा रडून घेतलं आहे, आणि मला दोनदा तिकीट काढायची सवय नाही.

दवाखान्यात भाऊ रोज यायचा. पण मला पहिला धक्का बसला तो पाय बघून नाही, त्याचं बोलणं ऐकून. म्हणाला, "आक्का, तुमी पडून ऱ्हावा. काय लागलं तर सांगा." तुमी! मी मान वळवून बघितलं, मागे कुणी मोठं माणूस येऊन उभं राहिलंय की काय. उभं कुणीच नव्हतं. ज्या माणसानं मला जन्मात कधी धड आक्का म्हटलं नाही, तो मला एखाद्या सभापतीणबाईंसारखं वागवायला लागला.

मला वाटलं, चार दिवसांत उतरेल. उतरलं नाही. घरी आले, नवा पाय बसवला, काठी घेऊन चालायला लागले, तरी तो तसाच. भेटायला आला की खाली मान घालून बसायचा. मी चालले की मागून दोन्ही हात पुढे करून यायचा, नुकत्याच उभ्या राहिलेल्या पोराच्या मागे आई येते तसा. आणि मी पाय काढायला किंवा चढवायला बसले की हा ताबडतोब उठायचा. "पाऊस येतोय का बघतो," म्हणून बाहेर. भर मे महिन्यातसुद्धा तो पाऊस बघून आलेला आहे. माझा पाय त्यानं एकदाही बघितला नाही, ना उरलेला, ना बनवलेला.

आमच्या घरातल्या माणसाचं तसं नव्हतं. माझा नवरा एमआयडीसीत आयुष्यभर लेथवर उभा राहिलेला. त्याच्या दृष्टीनं हा पाय म्हणजे घरी आलेला एक जॉब, लेथवर घ्यायचा सुटा भाग. पहिल्याच दिवशी त्यानं तो उलटा करून, ठोकून, कानाशी लावून बघितला आणि म्हणाला, "फिनिशिंग बरं आहे." चालायला शिकवणाऱ्या केंद्रात मी पहिल्यांदा दोन दांड्यांच्या मधून हात सोडून चालले तेव्हा तिथल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हा म्हणाला, "आता घरातून पळून जायची भीती वाढली." मला बरं वाटलं. टाळ्यांनी नाही तेवढं बरं वाटलं.

चालणं शिकणं म्हणजे काय असतं, ते थोडक्यात सांगते, कारण पुढे त्याचं काम पडणार आहे. उरलेल्या पायाला मी बुटका म्हणते. हा बुटका एका वाटीसारख्या साच्यात बसतो, त्याला सॉकेट म्हणतात. त्या सॉकेटच्या खाली नवा पाय. आता बुटक्याचा स्वभाव असा की चालून चालून तो आटतो. आटला की सॉकेटमध्ये हलायला लागतो, आणि हलला की सोलवटतो. मग कुठेतरी बसायचं, पाय काढायचा, बुटक्यावर एक जादा मोजा चढवायचा आणि पुन्हा पाय घालायचा. एवढंच. पण त्यासाठी बसायला जागा हवी. रस्त्यानं चालताना धडधाकट माणसं दुकानं बघतात, मी कट्टे बघते.

आमच्या कॉलनीत दर दुसऱ्या घरात एक निवृत्त फौजी आहे. मी काठी घेऊन गल्लीत बाहेर पडले की प्रत्येक फाटकातून एक हुकूम सुटायचा. एक सुभेदारकाका तर खुर्ची टाकूनच बसायचे. "नजर सामने! खाली काय बघायचं? पाय कुठं जातोय तो?" मी म्हणायचे, "काका, एकदा गेलाय, म्हणून बघते." ते इतके हसायचे की त्यांनाच ठसका लागायचा. एक दिवस मी काठी घरी ठेवली आणि पोवई नाक्यापर्यंत जाऊन आले. नवऱ्यानं कंदी पेढे आणले, सगळ्या कॉलनीत वाटले. सुभेदारकाकांनी पेढा तोंडात टाकून मला सॅल्यूट केला आणि दुसरा पेढा मागितला. मी भावाला फोन केला. म्हटलं, काठी सुटली. वाटलं, आता तरी म्हणेल की पोवई नाक्याला जायला तुला किती वर्षं लागली. तो म्हणाला, "लय चांगलं झालं आक्का. पर संबाळून. कशाला एवढी दगदग करताय?"

फोन ठेवला आणि उरलेले पेढे मीच खाल्ले.

आता फ्लेक्सचं सांगते. अपघातानंतर भाऊ मुराळी म्हणून यायचा बंद झाला होता. पंचमीला तो भाड्याची चारचाकी पाठवायचा. मी एकटी मागच्या सीटवर बसून दारापर्यंत जायचे आणि तशीच परत यायचे. गेल्या वर्षी गाडी वस्तीच्या कमानीजवळ थांबली आणि मी बघते तर वर मी! आठ फुटांची. "जिद्दीला सलाम, आमच्या आक्कांचे हार्दिक अभिनंदन." केंद्रातल्या मुलीनं माझा एक फोटो काढला होता, साडी जरा वर धरलेली आणि नवा पाय पुढे टाकलेला. तोच फोटो. पण फ्लेक्स करणाऱ्याचा एक नियम असतो. कोपऱ्यात तालुक्याच्या साहेबांचा फोटो असतो, आणि फ्लेक्सवरच्या माणसानं साहेबांकडे पाठ करून चालत नाही. मी नेमकी उलट्या बाजूला बघत होते. म्हणून त्यानं मला आरशात धरल्यासारखी फिरवून टाकली होती. मी साहेबांकडे बघायला लागले ते ठीक झालं, पण माझा बनवलेला पाय डावीकडचा उजवीकडे गेला.

कमानीपाशी बायका जमलेल्या. एक म्हातारी माझा हात धरून रडायलाच लागली. "आगं बया, ह्यो बी गेला का गं? कवा?" दुसरी तिला समजावत होती की आधीच्या पायाला नवीन फुटलाय आणि आता हा काढलाय. मी हसत सुटले. हसून हसून मला गाडीच्या बॉनेटला टेकावं लागलं. आणि हसता हसता मी भावाकडे बघितलं, कारण अशा वेळी मी जन्मभर त्याच्याचकडे बघत आले आहे. पूर्वीचा असता तर तो रस्त्यावर लोळला असता. निदान पुढची वीस वर्षं हे पुरवलं असतं. तो माझ्या सत्कारासाठी आणलेला हार आणि शाल काखेत धरून, हात जोडून उभा होता. "चुकलं आक्का. माफी करा. आत्ता उतरवतो." आणि खरंच शिडी आणून त्यानं मला उतरवली, गुंडाळली आणि गोठ्याच्या मागे नेऊन ठेवली.

साताऱ्याला परत आल्यावर मला फार रडू आलं. पायाचं दुःख तोवर जुनं झालं होतं, सवयीचं. हे दुःख वेगळं होतं. आई-वडील कधीच गेले, माझं माहेर म्हणजे तो एकटा. आणि तो माझ्या पायावरून उठून गेला होता आणि परत येत नव्हता. मला त्याची शाल नको होती, गाडी नको होती. मला माझी टिंगल करणारा माझा भाऊ परत हवा होता.

यंदा श्रावण लागायच्या आधीच मी फोन लावला.

"गाडी पाठवू नगंस. मुराळी म्हणून ये. बसनं जाऊ, आन स्टँडपासनं चालत."

तो म्हणाला, "आक्का, लय लांब हाय."

"पयल्यापासनं जेवढं हाय तेवढंच हाय. सरकारनं वाढवलं असंल तर सांग."

"काय झालं म्हंजी?"

"झालं तर तू हायस की."

तो म्हणाला, "तवा बी मी व्हतोच."

ही एवढी एक ओळ तो इतकी वर्षं घशात घेऊन फिरत होता, आणि मी समजत होते की तो नुसता भित्रा झालाय. पण कंडक्टरला गप्प राहून चालत नाही. मी आवाज चढवला. "हे बघ, तू आला न्हाईस, तर मी भावाचा उपास धरायची न्हाई. पंचमीच्या आदल्या दिवशी सकाळी उठून मिसळ खाईन. वर कट मागून घीन."

आमच्याकडे पंचमीच्या आदल्या दिवशी बहिणी भावासाठी उपास धरतात. फौजेत असताना त्याला काही झालं नाही ते माझ्या उपासांमुळे, असं मी त्याला कायम ऐकवत आले आहे. "आसं बोलू नगा," तो घाबरून म्हणाला, आणि यायचं कबूल केलं.

आला तेव्हा इस्त्रीचा शर्ट, मिशीला तेल, हातात पिशवी. नवऱ्यानं दारात त्याला सूचना दिल्या. "तासाला ऑइलिंग लागत नाही. नटबोल्ट पडला तर उचलून ठेव." भाऊ हसला नाही. "व्हय जी," म्हणाला.

बसमध्ये अपंगांसाठी राखीव सीट. सगळी नोकरी त्या सीटवरून धडधाकट माणसांना उठवण्यात माझा घसा गेला, आता त्या सीटची मालकीण मीच. शेजारची जागा रिकामी होती, तरी भाऊ दांडा धरून उभा. कराड जवळ आलं. ती जागा मला माहीत होती, त्यालाही. मी खिडकीतून बाहेर बघितलं. रस्ता होता, बाजूला ऊस होता, बाकी काही नाही. त्यानं हातातलं तिकीट वाचायला घेतलं. साताऱ्याहून शिराळ्याच्या तिकिटावर वाचण्यासारखं काय असतं ते मला चांगलं माहीत आहे. तो ते कराडचा पूल ओलांडेपर्यंत वाचत होता. मी म्हटलं, "वाळू झाडली वाटतं कुणीतरी." त्यानं तिकिटाची घडी करून खिशात घातली.

शिराळ्याला उतरलो. पंचमीच्या आदल्या दिवशीचं शिराळा म्हणजे पाय ठेवायला जागा नाही, आणि मला तर दोन्ही पाय ठेवायचे होते. मातीचे नागोबा, लाह्या, बांगड्या, कर्णे. मी पदर खोचला आणि निघाले. थोडं पुढे गेल्यावर मागे सारखा रिक्षाचा आवाज. मी बाजूला झाले, रिक्षा पुढे जाईना. वळून बघितलं तर रिक्षात आमची भावजय. एका हातात छत्री, एका हातात पाण्याची बाटली, आणि मांडीवर लाल प्लास्टिकची खुर्ची.

"ही कशाला?" मी भावाला विचारलं.

"आसू द्या मागं. आसावी."

"आन खुर्ची?"

"दर थोड्या वेळानं बसा तुमी."

मी म्हटलं, "मला मिरवणुकीला न्यायला आलायस का विसर्जनाला?" भावजय तोंडाला पदर लावून हसली. भाऊ नाही. तर आमची वरात अशी निघाली: पुढे मी, माझ्या मागे दोन्ही हात पसरून भाऊ, खांद्याला पिशवी, आणि त्याच्या मागे पहिल्या गिअरमध्ये रडणारी रिक्षा, आत भावजय आणि खुर्ची. लोक बाजूला होऊन विचारायचे, कुणाचं काय आहे. मला राग येत होता. इतकी वर्षं मी या रस्त्यानं चालायचं मनात धरलं होतं, आणि आता चालत होते तर गणपतीसारखी.

गाव संपलं, उसाचा रस्ता लागला. बारीक पाऊस सुरू झाला. चालणं छान चाललं होतं, कुठे अडखळले नाही, आणि मला वाटायला लागलं की आता खुर्ची तशीच परत पाठवून यांची जिरवते. पण ओढ्याचा उतार लागला आणि बुटक्यानं दगा दिला. आटला. सॉकेट आत हलायला लागलं. पुलापर्यंत मी तशीच ओढली. कट्टा शोधला, तर पुलाचे कठडे गेल्या पुरात वाहून गेलेले. तशीच पुढे गेले असते तर सोलवटून आठवडाभर अंथरुणात, आणि भावाचं सगळं खरं ठरलं असतं.

मी थांबले. म्हटलं, "खुर्ची आना."

भावजय रिक्षातून अशी उतरली की जणू हिलाच बक्षीस लागलं. खुर्ची पुलावर मांडली, माझ्या डोक्यावर छत्री धरली. मी बसले, साडी सावरली आणि पाय काढायला घेतला. भाऊ लगेच वळला. "पाऊस येतोय का बघतो."

पाऊस त्याच्या डोक्यावर पडत होता. मिशीतून खाली टपकत होता.

पाय निघाला. आता बुटक्याला नीट मोजा चढवायला दोन्ही हात लागतात, आणि पाय खाली ठेवावा तर सगळीकडे चिखल. मी तो भावाच्या दिशेनं पुढे केला. "धर."

"ती धरंल," तो पाठमोराच म्हणाला.

"तिच्या हातात छत्री हाय. धर म्हंते न्हवं!"

हा आवाज मी भरल्या बसमध्ये शेवटच्या रांगेपर्यंत पोचवलेला आहे. तो वळला आणि त्यानं पाय घेतला. शेजाऱ्यांचं तान्हं पोर पहिल्यांदा हातात घेतल्यासारखा, कुठं धरावं ते न कळून. मी मान खाली घालून मोजा चढवायला लागले. मला फक्त त्याच्या चपला दिसत होत्या. त्या हलत नव्हत्या. मोजा नीट बसला तरी मी त्याच्या सुरकुत्या काढत राहिले. मला कळत होतं की तो बघतोय. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"आक्का," तो म्हणाला. "माझ्यामुळं..."

"वाळूमुळं," मी म्हटलं. "आन गाडी घेऊन ये म्हणून मी सांगितलं व्हतं. त्ये जाऊ दे. पसंत हाय का सांग."

त्यानं नाक ओढलं. भावजय छत्री धरून दगडासारखी उभी. रिक्षावाल्यानं इंजिन बंद केलं. मी मान वर केली. भावानं पाय उलटा केला होता, तळवा बघत होता, बैलाचा खूर तपासतात तसा. मग हाताची वीत पसरून त्यानं पाऊल मोजलं, टाचेपासून अंगठ्यापर्यंत. पुन्हा मोजलं.

"आक्के," तो म्हणाला, "ह्यो मापात केलाय गं. आधीचं निस्तं फावडं व्हतं."

"आवं, काय बोलताय!" भावजय ओरडली.

मी हसले की रडले ते मला सांगता येणार नाही. खुर्ची एवढी हलत होती की भावजयीनं छत्री टाकून खुर्चीचा पाय धरला. भाऊ पण माझा पाय छातीशी धरून हसत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि आता ते पाऊस म्हणून खपण्यासारखं नव्हतं. मी म्हटलं, "उजवं फावडं आजून हाय तसंच."

"व्हय, त्ये दिसतंय की. निम्मा पूल त्येनंच अडलाय."

मी पाय घातला. उभी राहिले, दाबून बघितला. घट्ट बसला होता. भावानं रिक्षावाल्याला सांगितलं, "जावा तुमी, खुर्ची घिऊन. चालतीया ती." भावजय मागे बघत बघत गेली. मग त्यानं खांद्यावरची पिशवी काढली आणि माझ्या हातात दिली.

"घे. माझा हात भरला."

आणि निघाला. दोन्ही हात मोकळे सोडून, लेफ्ट-राइट, लेफ्ट-राइट. एकदाही मागे वळून बघितलं नाही.

ओझं घेऊन चालायची मला केंद्रात कुणी सवय लावली नव्हती. पिशवी जड होती, पहिल्या दोन पावलांना मी एका बाजूला कलले. मग सावरले. आजवर मला हार मिळाले, शाल मिळाली, आठ फुटांचा फ्लेक्स मिळाला. पण मी चालू शकते हे खरं मानलं ते त्या पिशवीनं. पडणाऱ्या माणसाच्या हातात कुणी ओझं देत नाही.

चढावरून तो ओरडला, "आक्के, गाडी बंद पडली का गं? ढकलाया येऊ?"

"तुझ्या बापाची हाय व्हय गाडी!"

"आपला एकच बाप हाय, इसारली का?"

उसात कुणीतरी हसलं. बांधावर उभी असलेली एक बाई आपल्या सुनेला म्हणाली, "आली गं पंचमीची पावणी." मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि भावाच्या कानांवर जे काही मला आठवत होतं ते सगळं मोठ्यानं म्हणत चालू लागले.

दारात पोचले तेव्हा तो हातपाय धुऊन पायरीवर बसलेला होता. "ही काय चारच्या आत यायची न्हाई, म्हणून चहा बी टाकला न्हाई," असं घरात कुणाला तरी सांगत होता. भावजय तांब्या आणि भाकरीचा तुकडा घेऊन उभी. तिनं तुकडा माझ्यावरून ओवाळून टाकला. मग खाली वाकून माझ्या उजव्या पायावर पाणी ओतलं, आणि थांबली. तांब्या हातात तसाच. तिनं नवऱ्याकडे बघितलं.

"बघतीस काय?" भाऊ पायरीवरून म्हणाला. "दोनीवर वत. एकच धुतला तर वर्षभर आयकवंल ही."

भावजयीनं दुसऱ्या पायावर पाणी ओतलं. त्या पायाला गार-गरम काही कळत नाही, पण मी तो पुढे धरून ठेवला.

"वर्षभर कशाला?" मी म्हटलं, आणि पिशवी त्याच्या मांडीवर टाकून तिथूनच सुरुवात केली. माझ्याकडे बरंच साठलेलं होतं.